सासरच्या प्रत्येक हातासाठी : लॅटव्हियाच्या हातमोज्यांचा इतिहास

१/ नोव्हेंबर २००६. लॅटव्हियाची राजधानी रीगा येथे नाटो या लष्करी संघटनेची शिखर परिषद भरली होती. राष्ट्रप्रमुख, मंत्री, सेनाधिकारी, पत्रकार असे हजारो पाहुणे आले होते. यजमान देशाने त्यांच्यासाठी भेट म्हणून ठेवले होते लोकरीचे हातमोजे. सुमारे ४५०० जोड, आणि सगळे हाताने विणलेले.

२/ रणगाडे, क्षेपणास्त्रे आणि अफगाणिस्तानातील युद्ध यांची चर्चा करायला आलेल्या माणसांना हातमोजे कशासाठी? उत्तर शोधायला काही शतके मागे, लॅटव्हियाच्या खेड्यांत आणि तिथल्या नवरीच्या लाकडी पेटीत डोकवावे लागते. आजचा धागा त्या पेटीतील हातमोज्यांविषयी.

३/ आधी थोडा भूगोल. बाल्टिक समुद्राच्या काठी, एस्टोनिया आणि लिथुएनिया यांच्यामध्ये लॅटव्हिया वसलेला आहे. लोकसंख्या सुमारे १९ लाख. रीगा जवळजवळ ५७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात दिवस सहा-सात तासांचा, जमीन बर्फाखाली, पारा शून्याच्या पुष्कळ खाली. अशा ठिकाणी लाकूड तोडणे, घोडा जुंपणे, विहिरीचे पाणी काढणे यांपैकी कोणतेही काम उघड्या हाताने होत नाही.

४/ मराठीत ‘मोजा’ मुळात पायाचा. हाताला लागला म्हणून ‘हातमोजा’. लॅटव्हियन भाषेत त्याला ‘चिम्दी’ असा स्वतंत्र शब्द आहे. त्याचे दोन प्रकार. पाच बोटे वेगळी असलेले ते ‘पिर्क्स्तायनी’, म्हणजे बोटांचे. अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटे एकाच घरात असलेले ते ‘दूरायनी’, म्हणजे मुठीचे. चार बोटे एकमेकांची ऊब राखतात, म्हणून कडाक्याच्या थंडीत मुठीचा हातमोजाच उपयोगी पडतो. या इतिहासातील मुख्य पात्र तोच.

५/ सुयांवरचे विणकाम अतिप्राचीन असेल, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. कापड विणणे हजारो वर्षांचे जुने. पण दोन किंवा अधिक सुयांवर टाके घेऊन सलग धाग्याने विणणे त्यामानाने अलीकडचे. या तंत्राचे सर्वांत जुने निश्चित नमुने इजिप्तमध्ये मिळाले. ते मध्ययुगीन इस्लामी काळातील आहेत : निळ्या-पांढऱ्या सुती धाग्याचे, नक्षीदार पायमोजे.

६/ त्याआधी उत्तर युरोपात हातमोजे करण्याची रीत वेगळी होती. नेढे असलेल्या एकाच जाड सुईने लोकरीचा आखूड तुकडा मागच्या फासांतून ओढून घ्यायचा. तो संपला की पुढचा तुकडा जोडायचा. वस्त्र घट्ट आणि टिकाऊ होई, पण काम अत्यंत संथ. सुयांवरच्या विणकामाने वेग वाढला आणि दोन रंगांची नक्षी सोपी झाली.

७/ ही नवी रीत बाल्टिक किनाऱ्यावर बरीच लवकर पोहोचली. एस्टोनियातील योउगा येथे एका स्त्रीच्या कबरीत विणलेल्या लोकरीचा लहानसा तुकडा सापडला. तो तेराव्या शतकाच्या अखेरीचा किंवा चौदाव्याच्या आरंभीचा, आणि बहुधा हातमोज्याच्या मनगटाचा. उत्तर युरोपातील विणकामाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते.

८/ तो काळ बाल्टिक लोकांच्या पराभवाचा होता. रीगा शहर १२०१ मध्ये जर्मन धर्मयोद्ध्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. शंभर वर्षांच्या आत भोवतालचे सर्व प्रांत जिंकले गेले. पुढे राज्यकर्ते बदलले : पोलंड आला, स्वीडन आला, अठराव्या शतकात रशियन साम्राज्य आले. गावचा जमीनदार मात्र शतकानुशतके जर्मनच राहिला आणि शेतकरी त्याचा भूदास.

९/ भूदासाला जमीन नाही, गाव सोडण्याची मुभा नाही, आठवड्याचे ठरावीक दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठ. कुर्झेमे प्रांतात भूदासप्रथा १८१७ मध्ये संपली, विद्झेमेत १८१९ मध्ये आणि पूर्वेकडील लाटगालेत थेट १८६१ मध्ये. कुर्झेमे आणि विद्झेमेत सुटका झाली तीही जमिनीविना.

१०/ अशा घरातील मुलीच्या नावावर काय असणार? एक पेटी. लॅटव्हियन भाषेत या ठेव्याला ‘पूर्स’ म्हणतात. चादरी, शाली, सदरे, कमरपट्टे, पायमोजे आणि हातमोजे असा सगळा ऐवज मुलीने स्वतः किंवा घरातील बायकांच्या मदतीने तयार केलेला असे. रुखवतात नवरीच्या हातचे काम मांडून ठेवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. फरक असा, की लॅटव्हियात ते काम मांडून ठेवले जात नसे, वाटून टाकले जात असे.

११/ तयारी फार लवकर सुरू होई. सहा-सात वर्षांची मुलगी गुरांमागे जाताना सुया आणि लोकरीचा गुंडा बरोबर घेई. आधी साधी पट्टी, मग पायमोजा, मग एका रंगाचा हातमोजा, मग नक्षी. हिवाळ्याच्या लांब संध्याकाळी घरातील सर्व बायका एका दिव्याभोवती बसत. नमुना कागदावर नसे. आईचा किंवा आजीचा जुना हातमोजा समोर ठेवून टाके मोजायचे, हीच शाळा.

१२/ पेटीत किती जोड असावेत? सामान्य घरातील मुलीकडेही काही डझन असत; सधन घरातील मुलीकडे शंभर किंवा त्याहून अधिक. आकडा ऐकायला सोपा वाटतो, म्हणून थोडा हिशेब करून पाहावा.

१३/ सुया अतिशय बारीक, सुमारे एक ते दीड मिलिमीटर जाडीच्या. एका फेरीत साठ-सत्तरपासून शंभरपर्यंत टाके. ८० टाक्यांची फेरी आणि अशा १२० फेऱ्या धरल्या, तर एका हाताला ९६०० टाके आणि जोडाला १९,२०० टाके होतात. टोकाकडे टाके घटतात, अंगठ्याचे वाढतात, तेव्हा हिशेब ढोबळच. तरी पन्नास जोडांच्या पेटीत साडेनऊ लाखांहून अधिक टाके भरतात. सारे दिव्याच्या उजेडात, आणि दिवसभराचे काम उरकल्यावर.

१४/ शिवाय टाका ही शेवटची पायरी. त्याआधी मेंढीची लोकर कातरायची, धुवायची, पिंजायची, चरख्यावर कातायची, दोन पेड एकत्र पिळायचे, मग रंगवायचे. बारीक नक्षीला बारीक आणि एकसारखा धागा लागतो. सूत जाडेभरडे झाले तर पुढची सारी मेहनत फुकट. त्यामुळे हातमोजा पाहणारी जाणती बाई नक्षीच्या आधी धागा पाहत असे.

१५/ रंग परिसरातून मिळत. बर्चच्या पानांपासून पिवळा, एका रानवेलीच्या मुळांपासून लाल, आल्डरच्या सालीपासून तपकिरी आणि काळसर. पांढऱ्या, करड्या, काळ्या छटा मेंढीच्याच अंगच्या. गडद निळा मात्र विकत घ्यावा लागे, कारण ती खरी नीळ. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बाजारातील निळीचा फार मोठा वाटा बंगालमधून जात असे. तिथल्या निळीच्या शेतकऱ्यांवर झालेली जबरदस्ती भारतीय वाचकांना ठाऊक आहेच.

१६/ आता रचना. हातमोजा मनगटापासून सुरू होतो. चार सुयांवर टाके वाटून घ्यायचे आणि पाचव्या सुईने गोल-गोल विणत वर जायचे. त्यामुळे कुठेही शिवण येत नाही. एका फेरीत बहुधा दोन रंग. जो रंग त्या टाक्यात नको असेल, त्याचा धागा आतल्या बाजूने पुढे न्यायचा. परिणामी आतून धाग्यांचा दुसरा थर तयार होतो आणि हातमोजा दुप्पट उबदार होतो. नक्षी आणि ऊब इथे एकाच कृतीतून निघतात.

१७/ मनगटाचा काठ ही विणणारीची खास जागा. कुठे झालर, कुठे कंगोरे, कुठे दोन रंगांचे धागे उलट टाक्यांवर एकमेकांना पिळून घातलेली आडवी वेणी. ही वेणी इतकी ओळखीची झाली, की जगभरचे विणणारे तिला आज ‘लॅटव्हियन वेणी’ म्हणूनच ओळखतात.

१८/ अंगठ्याची युक्तीही पाहण्यासारखी आहे. कित्येक जुन्या नमुन्यांत अंगठ्याच्या बुडाशी कळी नसते. जिथे अंगठा यायचा तिथले काही टाके वेगळ्या धाग्याने विणायचे आणि नक्षी न मोडता पुढे जायचे. हातमोजा पूर्ण झाला की तो धागा ओढून काढायचा; मोकळे झालेले टाके सुयांवर घ्यायचे आणि अंगठा विणायचा. त्यामुळे तळहातावरची नक्षी अखंड राहते आणि अंगठा नीट ठेवला की त्याची नक्षी तळहाताच्या नक्षीत मिसळून जाते.

१९/ प्रांताप्रांताची चाल निराळी. पश्चिमेकडील कुर्झेमेत लाल, हिरवा, निळा, जांभळा अशा भडक रंगांची हौस. पूर्वेकडील लाटगालेत पांढरा, करडा आणि साधी नक्षी. कुर्झेमेतील अल्सुंगा परिसरात ‘सुइती’ नावाचा छोटा कॅथलिक समाज राहतो. भोवताली सगळे प्रोटेस्टंट असताना सतराव्या शतकापासून त्याने आपले वेगळेपण पेहरावातून आणि गाण्यातून जपले. त्यांची परंपरा युनेस्कोने २००९ मध्ये तातडीने जतन करण्याच्या वारशाच्या यादीत घेतली.

२०/ आता लग्नाकडे. मागणी घालायला आलेल्या मुलाला मुलीकडून हातमोजे मिळाले, तर तो होकार समजला जाई. लग्नात वाटप सुरू होई : नवऱ्याला, सासूला, सासऱ्याला, दिरांना, नणंदांना, वरातीतील मानकऱ्यांना, गाडीवानाला, पाद्र्याला. प्रत्येकाचा जोड ज्याच्या-त्याच्या मानाप्रमाणे. सर्वांत बारीक विणीचे आणि सर्वांत कष्टाचे नमुने जवळच्या माणसांसाठी राखलेले असत.

२१/ माणसांवर हे वाटप थांबत नसे. नव्या घरी पाऊल ठेवल्यावर नवरी चुलीपाशी, उंबऱ्यावर, फाटकावर, विहिरीवर, गोठ्यात, मधमाश्यांच्या पोळ्यांपाशी हातमोजे किंवा पट्टे ठेवीत जाई. ज्या-ज्या जागी तिला यापुढे जन्मभर राबायचे होते, त्या प्रत्येक जागेला तिने आधी काहीतरी द्यायचे. नंतर हे जोड गोळा करून घेण्याचा हक्क कित्येक ठिकाणी सासूचा असे.

२२/ लग्न उन्हाळ्यात असले तरी हातमोजे हवेतच. पुरुष ते कमरेच्या पट्ट्यात खोचून मिरवत. म्हणजे थंडीशी त्यांचा संबंध नव्हता. कोणाच्या हातचे आहेत आणि किती बारीक आहेत, हे चारचौघांत दिसावे एवढाच हेतू. प्रथा लग्नापुरतीही नव्हती. अंत्यविधीला कबर खोदणाऱ्यांना आणि शवपेटी वाहणाऱ्यांनाही हातमोजे देत.

२३/ या प्रथेला केवळ गोड रंग देणे इतिहासाला धरून होणार नाही. वाटप ही परीक्षा होती. वीण सैल निघाली, जोडातील दोन हात लहानमोठे निघाले, तर बोलणी आयुष्यभर पुरत. दुसऱ्याच्या घरी चाकरीला असलेल्या मुलीला स्वतःच्या पेटीसाठी वेळ मिळत नसे. ज्या मुलीला आई नाही तिला नमुने दाखवायला कोणी नसे. मायेची वस्तू आणि सक्तीचे श्रम एकाच पेटीत पडलेले असत.

२४/ हे सारे कळते कशावरून? मुख्यतः गाण्यांवरून. लॅटव्हियन लोकगीतांना ‘दाइना’ म्हणतात. बहुतेक चार ओळींची, काम करता-करता आणि विधींच्या वेळी गायची, आणि मोठ्या प्रमाणात स्त्रियांनी जपलेली. जात्यावरच्या ओवीचे स्मरण मराठी वाचकाला होणारच. पेटी, लोकर, सुया, आळशी आणि कष्टाळू मुली, कौतुक करणारी वा नावे ठेवणारी सासू हे दाइनांचे नेहमीचे विषय.

२५/ क्रिश्यानिस बारोन्स (१८३५–१९२३) यांनी या गीतांचे संकलन हे आयुष्याचे काम केले. हजारो चिठ्ठ्यांवर लिहून आलेली गीते लावण्यासाठी त्यांनी कप्प्यांचे खास कपाट करवून घेतले. १८९४ ते १९१५ या काळात सहा खंडांतून २,१७,९९६ गीते प्रसिद्ध झाली. ते कपाट २००१ पासून युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत आहे. ज्या बायकांविषयी दप्तरात चार ओळीही नाहीत, त्यांची जीवनरीत या चिठ्ठ्यांत आणि हातमोज्यांत उरली.

२६/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटू लागले. शेतकरी जमिनी विकत घेऊ लागले, रेल्वे आली, लोकर पिंजण्याचे आणि कातण्याचे कारखाने निघाले, कृत्रिम रंग खेड्यांत पोहोचले. काही काळ याने विणकामाला उलट बळच दिले : तयार सूत आणि भडक रंग हाती आल्याने नक्षी अधिक दाट झाली. संग्रहालयांतील कित्येक देखणे जोड याच काळातील आहेत.

२७/ त्याच वेळी शिकलेल्या लॅटव्हियन लोकांना या वस्तूंचे मोल जाणवू लागले. १८९६ मध्ये रीगात लॅटव्हियन जीवनाचे मोठे प्रदर्शन भरले. गावोगावहून पेहराव, अवजारे आणि हातमोजे गोळा झाले. जर्मन जमीनदार आणि रशियन अधिकारी यांच्या राज्यात ‘शेतकऱ्यांनाही स्वतःची संस्कृती आहे’ असे सांगण्याचा तो मार्ग होता. १८ नोव्हेंबर १९१८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि कालची घरगुती वस्तू राष्ट्राचे प्रतीक बनू लागली.

२८/ इथे एक लोकप्रिय समज तपासायला हवा. हातमोज्यांवरची प्रत्येक आकृती ही एकेका प्राचीन देवतेची खूण आहे आणि विणणारी त्यांतून गुप्त संदेश लिहीत असे, असे आज पर्यटनाच्या पुस्तिकांत सर्रास वाचायला मिळते. आकृत्या जुन्या आहेत, यात शंका नाही. त्यांतील काहींना लोकांत नावेही होती. पण देवतांशी घातलेली नीटनेटकी सांगड बऱ्याच अंशी १९२० आणि १९३० च्या दशकांतील आहे.

२९/ त्यात मोठा वाटा चित्रकार एर्नेस्त्स ब्रास्तिन्श यांचा. १९२३ मध्ये त्यांचे लॅटव्हियन अलंकरणावरील पुस्तक आले. पुढे ख्रिस्तपूर्व श्रद्धांचे पुनरुज्जीवन करणारी ‘दिएव्तुरी’ चळवळ त्यांनी उभी केली. ही आकृती आकाशदेवाची, ती भाग्यदेवतेची, अशी मांडणी त्या वातावरणात रुजली. सोव्हिएत राजवटीने त्यांना अटक केली आणि १९४२ मध्ये ठार मारले. अर्थ लावणाऱ्यालाच असा शेवट आल्याने त्याने लावलेल्या अर्थांना पुढे वेगळेच वजन आले.

३०/ अष्टकोनी ताऱ्याचे उदाहरण घ्यावे. लॅटव्हियात तो ‘आउसेक्लिस’, म्हणजे पहाटेचा तारा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वातंत्र्याच्या चळवळीत हजारो लोकांनी तो छातीवर लावला. पण नेमकी हीच आकृती नॉर्वेच्या सेल्बू गावच्या हातमोज्यांवर ‘गुलाब’ म्हणून ओळखली जाते. सुयांवर चौकटी मोजून विणताना आठ पाकळ्यांची आकृती सहज बसते, म्हणून ती अनेक देशांत आढळते. अर्थ प्रत्येक समाजाने आपापला दिला.

३१/ सेल्बूची कथा लॅटव्हियाच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. १८५७ मध्ये मारित गुल्द्सेतब्रुआ एम्स्ताद ही सोळा वर्षांच्या आसपासची मुलगी काळ्या-पांढऱ्या नक्षीचे हातमोजे घालून चर्चमध्ये गेली आणि गावभर ती नक्षी पसरली, असे तिथे सांगतात. तिथेही लग्नात हातमोजे वाटत. पण शतकाच्या अखेरीस ते त्रॉनहाइम शहरातून विकले जाऊ लागले. १९३० च्या दशकात वर्षाला सुमारे एक लाख जोड त्या एका भागातून बाहेर पडत. गरीब घरांना रोख पैसा मिळाला; आणि कोणासाठी विणतो आहोत हे विणणारीला ठाऊक असणे संपले.

३२/ आणखी एक आकृती : स्वस्तिक. लॅटव्हियन त्याला ‘अग्निक्रूस’ म्हणतात. जुन्या हातमोज्यांवर आणि पट्ट्यांवर ते मुबलक आहे. नवजात प्रजासत्ताकाच्या लढाऊ विमानांवरही ते होते. नाझींनी आपले स्वस्तिक युरोपभर नेल्यावर आजीच्या हातमोज्याकडे पाहण्याची नजरच बदलली. युद्धानंतरच्या सोव्हिएत काळात ते विणणे धोक्याचे ठरले. आजही परक्या पाहुण्याला ते देताना विणणारीला दोनदा विचार करावा लागतो.

३३/ १९४० मध्ये सोव्हिएत सैन्याने देश व्यापला. १४ जून १९४१ च्या रात्री १५ हजारांहून अधिक माणसांना घरांतून उचलून मालगाड्यांत भरण्यात आले. पुरुषांना वेगळे करून श्रमछावण्यांत आणि स्त्रिया-मुलांना सैबेरियात धाडले. मग जर्मन आले, पुन्हा सोव्हिएत आले. २५ मार्च १९४९ पासून दुसरी लाट : ४२ हजारांहून अधिक. बहुतेक शेतकरी कुटुंबे, आणि त्यांत मोठी संख्या स्त्रियांची, मुलांची आणि वृद्धांची.

३४/ सामान बांधायला थोडाच वेळ मिळे. ज्यांनी त्या वेळी लोकरीचे कपडे उचलले, त्यांचे हिवाळे थोडे सुसह्य झाले. हद्दपारीतून परतलेल्यांच्या आठवणींत सुयांचा उल्लेख येत राहतो. जुना स्वेटर उसवून त्याचे हातमोजे करायचे, गावकऱ्यांना विणून द्यायचे, बदल्यात बटाटे किंवा दूध घ्यायचे. सासरच्या माणसांसाठी शिकलेली कला अनोळखी माणसांच्या हातांवर चढली आणि मुलांच्या पोटात अन्न गेले.

३५/ आणखी एक लाखाहून अधिक लोक युद्धाच्या अखेरीस पश्चिमेकडे पळाले. जर्मनीतील निर्वासितांच्या छावण्या, मग अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. पेट्या मागे राहिल्या, हात बरोबर गेले. अमेरिकेतील मिनेसोटा येथे लिझबेथ उपिटिस यांनी लॅटव्हियन हातमोज्यांचे नमुने आणि कृती यांवरील पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. ते इंग्रजी आणि लॅटव्हियन अशा दोन्ही भाषांत होते. त्या वर्षी स्वतंत्र लॅटव्हिया जगाच्या नकाशावर नव्हता.

३६/ मायदेशात सोव्हिएत सत्तेने लोककलेला आपल्या पद्धतीने आसरा दिला. लोककलेची मंडळे निघाली, स्मरणवस्तू म्हणून हातमोजे विकले जाऊ लागले. राष्ट्रध्वज फडकावणे गुन्हा होता; आजीचा नमुना विणणे मात्र ‘लोककला’ म्हणून चालत असे. त्यामुळे १९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला, तेव्हा या नमुन्यांना शोधून काढावे लागले नाही. ते विणणारे हात घराघरांत होते.

३७/ पुढे मारुता ग्रासमाने यांनी देशाच्या सर्व भागांतील १७८ नमुन्यांचा आलेखांसह ग्रंथ सिद्ध केला. आईने मुलीला दाखवायचा हातमोजा आता जगातील कोणीही चौकटींच्या कागदावर वाचू शकतो. शिकण्याचा मार्ग रुंद झाला. जुन्या रीतीतील एक गोष्ट मात्र आलेखात उतरत नाही : त्या-त्या हाताचे माप. नवऱ्याचा पंजा केवढा, सासूच्या बोटांना सांधेदुखीची सूज किती, धाकट्या दिराचा हात पुढच्या हिवाळ्यात किती वाढेल, हे विणणारीला आधी पाहून ठेवावे लागे.

३८/ आता पुन्हा २००६. लॅटव्हिया नाटोचा सदस्य झाला तो मार्च २००४ मध्ये, म्हणजे परिषदेच्या अडीच वर्षे आधी. नव्या घरात आलेल्या मुलीने घरातील प्रत्येकाला हातमोजे द्यायचे, ही रीत ज्यांना ठाऊक होती त्यांना त्या भेटीचा अर्थ उलगडून सांगावा लागला नसेल. पाहुण्यांपैकी कितीजणांना तो कळला असेल, हा प्रश्न वेगळा.

३९/ ते ४५०० जोड देशभरातील विणणाऱ्यांच्या हातचे होते. वरच्या ढोबळ हिशेबाने त्यांत आठ कोटींहून अधिक टाके भरतात. भेट राष्ट्राच्या नावाने दिली गेली. ते टाके ज्यांनी घातले त्यांची नावे बातम्यांच्या मथळ्यांत नव्हती. शतकानुशतकांच्या त्या पेट्यांचेही असेच झाले. संग्रहालयात हातमोजा असतो, त्याखाली प्रांताचे नाव असते. विणणारीचे नाव पुष्कळदा नसते.

४०/ तरी एका जागी ते नाव कधीच हरवत नसे. घरात. हा जोड आजीचा, हा थोरल्या काकूने लग्नात दिलेला, हा आईने सैबेरियात विणलेला, हे घरच्यांना पाठ असे. लॅटव्हियात आजही हिवाळ्याआधी नातवंडांच्या हातांची मापे घेतली जातात. मूल हात पुढे करते, आजी विणलेला भाग त्यावर धरून पाहते आणि आणखी चार फेऱ्या घालायच्या असे ठरवते.

(समाप्त)